विश्लेषण : ग्रुपमधून काढले, वर्गात बोलणे बंद... मुलांमधल्या ‘वाळीत टाकण्या’चे काय करायचे?

‘कॅन्सल कल्चर’ हा शब्द नवा असला तरी रायगडला बहिष्कार नवा नाही. त्याविरोधात राज्याला कायदा करावा लागला. मात्र नववी-दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधला बहिष्कार त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिथे पालक, शिक्षक आणि गप्प बसणारे मित्र यांनाच काम करावे लागते. ते कसे?

मार्गशीर्ष पौर्णिमेला चौलमधील भोवाळे येथे दत्ताच्या डोंगरावर यात्रा सुरू होते. अष्टागरातल्या मुलांसाठी ही वर्षातली मोठी मौज. पायऱ्या चढून दर्शन घ्यायचे, उतरताना खाऊ-खेळण्यांच्या दुकानांतून रेंगाळायचे, पाळण्यात बसायचे आणि फोटो काढायचे.

समजा, नववीतल्या दहा मैत्रिणींचा यात्रेला जायचा बेत ठरला. तो ठरला एका नव्या ग्रुपवर. जुन्या ग्रुपवर अकरा जणी होत्या, नव्यावर दहाच आहेत. जिला वगळले तिला हे कळते रात्री इन्स्टाग्रामवर. दत्ताच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेल्या दहा जणींच्या फोटोतून. दुसऱ्या दिवशी एसटीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन आली की घोळका उठून जातो.

कारण काय, तर दोन आठवड्यांपूर्वी तिने एका मैत्रिणीच्या दिसण्यावरून केलेली चेष्टा. ती होती खासगी चॅटमध्ये. कोणीतरी स्क्रीनशॉट काढला आणि तो वर्गभर फिरला. चेष्टा वाईटच होती. पण तिला कोणी जाब विचारला नाही, कोणी भांडले नाही, माफी मागायला वेळ दिला नाही. निकाल लागला, तेव्हा ती हजरही नव्हती.

हे उदाहरण कल्पित आहे. पण घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा. बहुधा त्याला कोणाचे तरी नाव आठवेल. कदाचित स्वतःचेच.

‘कॅन्सल’ म्हणजे नेमके काय?

एखाद्याच्या वागण्या-बोलण्याचा निषेध म्हणून सगळ्यांनी मिळून त्याच्याशी संबंध तोडणे, त्याचे ऐकणे, पाहणे, त्याला मान देणे बंद करणे, असा या शब्दाचा ढोबळ अर्थ. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या ट्विटरवरील बोलीतून तो पसरला. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वायरी शब्दकोशाने २०१९ मध्ये ‘कॅन्सल कल्चर’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडले, तोवर तो जगभर पोहोचला होता.

त्याची एक बाजू समजून घ्यायला हवी. ज्यांच्यापुढे तक्रार करायला जागा नव्हती, अशा अनेकांना समाजमाध्यमांनी आवाज दिला. २०१७ मध्ये जगभर आणि २०१८ मध्ये भारतात पसरलेल्या ‘मी टू’ मोहिमेत बड्या, वजनदार माणसांविरुद्ध स्त्रिया बोलू शकल्या त्या यामुळेच. समोरचा ताकदवान असेल आणि दाद मागायचे बाकीचे दरवाजे बंद असतील, तर जाहीरपणे बोलणे हा शेवटचा मार्ग असू शकतो.

वर्गातली गोष्ट वेगळी असते. तिथे समोर ना सिनेनट असतो, ना कंपनीचा मालक. असते ती पंधरा वर्षांची मुलगी. तिचे सगळे जग त्या वर्गात, त्या एसटीत आणि त्या ग्रुपमध्ये सामावलेले असते. बड्या माणसाला ‘कॅन्सल’ केले तरी त्याच्याकडे घर, पैसा, वकील उरतात. तिच्याकडे काय उरते?

रायगडला हे नवे का नाही?

आपल्याकडे याला जुना, नेमका शब्द आहे : वाळीत टाकणे. रायगडच्या किनाऱ्यावर तो समजावून सांगावा लागत नाही. गावकीचा निर्णय मानला नाही, दंड भरला नाही, निवडणुकीत विरोधात गेले, जातीबाहेर लग्न केले, अशा कारणांवरून कुटुंबे वाळीत टाकल्याच्या तक्रारी या जिल्ह्यातून मोठ्या संख्येने पुढे आल्या. दुकानदार सामान देत नाही, लग्नाला कोणी येत नाही, मयताला खांदा मिळत नाही, सणात मान नाही. आणि जो बोलेल, त्यालाही दंड.

कायद्याची वाट लांब होती. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये जातिबहिष्काराला बंदी घालणारा कायदा केला. धर्मपीठाच्या अधिकाराचा मुद्दा पुढे आला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बहिष्कार घालणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे हे तिन्ही गुन्हे मानावेत, असे सुचवले होते. अखेर जातपंचायतींविरोधात झालेल्या चळवळीनंतर महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. दोषीला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

या कायद्याने कोणकोणत्या कृत्यांना बहिष्कार म्हटले आहे, ते वाचण्यासारखे आहे. सामाजिक संबंध तोडणे किंवा तोडायला लावणे. समारंभात, सभागृहात, शाळेत जायला अडवणे. नैतिकता, राजकीय कल किंवा लैंगिकता यावरून भेदभाव करणे. विशिष्ट कपडे घालायची वा विशिष्ट भाषा बोलायची सक्ती करणे. यादी गावासाठी केलेली आहे. पण दहावीचा एखादा ग्रुप उघडून शेजारी ठेवा. किती गोष्टी जुळतात ते दिसेल.

म्हणून ‘मुले हे मोबाइलवर शिकली’ असे म्हणून मोठ्यांना सुटता येणार नाही. ‘त्यांच्याकडे जायचं नाही, त्यांच्या पोरांशी खेळायचं नाही’ हे वाक्य मुलांनी पहिल्यांदा इन्स्टाग्रामवर ऐकलेले नसते. भावकीतल्या वादात, बांधाच्या भांडणात, निवडणुकीनंतर ते घराच्या ओट्यावर बोलले जाते.

यादी छापण्याची गोष्ट

स्क्रीनशॉट नव्हते तेव्हा काय होते? याद्या होत्या. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. तिथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. काहींनी ती घेतली, काहींनी बाजूला ठेवली. त्यानंतर गोपाळराव जोशी यांच्यामुळे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आली. ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्या. रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून जावे लागले.

खासगीतली कृती, मग जाहीर यादी, मग बाजू घेण्याची सक्ती. क्रम आजचाच आहे.

दुसरे उदाहरण कोकणातले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला. दापोली तालुक्यातल्या मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरही बहिष्कार पडेल, अशी तंबी दिली. बहिष्काराचे बळ असते ते याच दुसऱ्या धमकीत. ‘त्याच्याशी बोललास तर तूही.’ पहिली शिक्षा एकट्याला होते. दुसरी धमकी संपूर्ण गावाला गप्प बसवते.

वर्गातही हेच चालते. पहिला मेसेज टाकणारे दोघे-तिघे असतात. बाकीच्या पंधरा-वीस जणांचा त्या मुलीवर राग नसतो. त्यांना फक्त पुढचा नंबर आपला लागायला नको असतो.

एवढे लागते का? ‘दोन दिवसांत विसरतील’ ना?

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने बागेत बसलेले असताना अनोळखी दोघांच्या फ्रिस्बीच्या खेळात काही वेळ भाग घेतला. मग त्या दोघांनी त्याच्याकडे चकती टाकणे थांबवले. अनोळखी माणसांनी काही मिनिटे वगळले, तरी आपल्याला इतके का लागले, या प्रश्नातून पुढे ‘सायबरबॉल’ हा संगणकावरचा साधा खेळ तयार झाला. पडद्यावर तीन खेळाडू चेंडू टाकतात. थोड्या वेळाने दोघे तिसऱ्याला चेंडू देणे बंद करतात. एवढेच.

२००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा खेळ मेंदूच्या स्कॅनिंग यंत्रात झोपलेल्या व्यक्तींना खेळवला गेला. वगळले गेल्यावर शारीरिक वेदनेशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूच्या भागात हालचाल वाढलेली दिसली. पुढच्या एका प्रयोगात लोकांना आधीच सांगितले होते की समोर माणसे नाहीत, संगणक आहे. तरीही वाईट वाटले. २०१० मधील एका ब्रिटिश अभ्यासात किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रिया यांची तुलना केली. वगळले गेल्यावर मुलींची मनःस्थिती अधिक खालावली.

संगणकाने चेंडू दिला नाही तरी माणसाला लागते. मग रोज भेटणाऱ्या दहा मैत्रिणींनी दिला नाही तर? ‘एवढं काय त्यात’ हे वाक्य पालकांनी बाजूला ठेवायला हवे, ते यासाठी.

चौलसारख्या गावात आणखी एक अडचण असते. मुंबई-पुण्यात मुलाचा क्लास बदलता येतो, दुसरा कट्टा सापडतो. इथे शाळा तीच, अलिबाग-रेवदंड्याची एसटी तीच, समुद्रावर फिरायला येणारी मुलेही तीच. ग्रुपमधल्या दोघींच्या आया एकाच बचत गटात असतात. ऑनलाइन भांडण पाखाडीत यायला संध्याकाळही लागत नाही.

ग्रुप कसा काम करतो?

पालकांना मुलांच्या फोनमधली ही यंत्रणा माहीत असायला हवी. उघड शिवी क्वचितच दिसते. वगळणे बिनआवाजी असते.

• समांतर ग्रुप : कोणाला काढून टाकले तर दिसते. म्हणून जुना ग्रुप तसाच ठेवून नवा उघडला जातो. जुना हळूहळू शांत होतो.

• क्लोज फ्रेंड्स : इन्स्टाग्रामची स्टोरी निवडक लोकांनाच दाखवता येते. यादीत आपण नाही, हे दुसऱ्याच्या फोनवर पाहिल्यावरच कळते.

• वाचून उत्तर न देणे : दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. एकाने असे केले तर तो कामात असेल. वीस जणांनी केले तर तो निरोप असतो.

• निनावी पेज : शाळेच्या किंवा कॉलेजच्या नावाने चालणारी ‘कन्फेशन’ पेज. लिहिणारा अदृश्य आणि ज्याच्याबद्दल लिहिले तो सर्वांना माहीत.

• कापलेला स्क्रीनशॉट : वरची दोन वाक्ये आणि खालचे ‘सॉरी’ कापले की मधल्या ओळीचा अर्थ बदलतो.

जुन्या भांडणात आणि यात एक मोठा फरक आहे. लहानपणी कट्टी होती, तशी बट्टीही होती. दोन बोटे पुढे केली की भांडण मिटे आणि ते मिटल्याचे सगळ्यांना कळे. ग्रुपमध्ये कट्टीची सोय आहे, बट्टीचे बटण नाही. स्क्रीनशॉट सहा महिन्यांनी पुन्हा वर येतो आणि भांडण पहिल्या दिवशी होते तितके ताजे होते.

पण चूक खरोखर केली असेल तर?

हा या विषयातला अवघड भाग. कोणी जातीवरून बोललेले असते, कोणी वजनावरून, रंगावरून चिडवलेले असते, कोणी मैत्रिणीचा फोटो न विचारता पाठवलेला असतो. अशा वेळी ‘मुलं आहेत, सोडून द्या’ हे ज्याला लागले त्याच्यावर अन्याय करणारे आहे. जाब विचारलाच पाहिजे. मात्र जाब विचारणे आणि वाळीत टाकणे यांत फरक आहे. तो तीन प्रश्नांनी ओळखता येतो.

• नेमके काय चुकले, ते तिला सांगितले का? जाब विचारताना कृती सांगितली जाते. बहिष्कारात माणसावर शिक्का बसतो : ‘ती तसलीच आहे.’

• तिची बाजू कोणी ऐकली का? साध्या चोरीच्या खटल्यातही आरोपीला बोलू देतात.

• हे कधी संपणार? शिक्षेला मुदत असते. माफी, भरपाई, दुरुस्ती यानंतर ती संपते. संपण्याची अटच नसेल, तर ती शिक्षा न राहता मजा झालेली असते.

उलट बाजूही स्पष्ट करायला हवी. त्रास देणाऱ्या मुलाला ब्लॉक करणे, नकोशा मेसेजला उत्तर न देणे, एखाद्याशी मैत्री संपवणे हा बहिष्कार नाही. कोणाशी मैत्री करायची हे ठरवायचा हक्क प्रत्येकाला आहे. विशेषतः मुलींना ‘असं तोडू नये, बोलत जा’ असा उपदेश करताना शंभरदा विचार करावा. मी तुझ्याशी बोलणार नाही, हे माझे स्वातंत्र्य. तिच्याशी कोणीच बोलायचे नाही, हा बहिष्कार.

जमावाने शब्दांचा निवाडा केला की काय होते, हे याच किनाऱ्यावर उत्तरेला पालघरने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते ‘लाइक’ केले. जमावाने एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड केली आणि अटक झाली ती त्या दोघींना. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. न्यायालयाला चूक दुरुस्त करायला सव्वादोन वर्षांहून अधिक काळ लागला. तो जमाव जमायला मात्र एक दिवसही लागला नव्हता.

ज्याला वगळले आहे, त्याने काय करावे?

• पहिल्या रात्री काही लिहू नका. खुलासा, शिवी, रडका व्हॉइस मेसेज, काहीच नको. रात्री अकराला लिहिलेले सकाळी आठला वेगळे दिसते. तोवर त्याचाही स्क्रीनशॉट झालेला असतो.

• पुरावे जपा, फिरवू नका. धमकी, बदनामी असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखवा.

• चूक झाली असेल तर माफी त्या व्यक्तीची मागा, ग्रुपची नाही. शक्यतो समोरासमोर आणि थोडक्यात. मी काय केले, त्याने तुला काय झाले असेल, पुढे काय करणार नाही. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नसते. माफी मागितली म्हणजे लगेच मैत्री परत मिळेल, अशी अपेक्षाही नको.

• सगळ्यांना जिंकायला जाऊ नका. एक माणूस शोधा. जुनी मैत्रीण, बाजूच्या तुकडीतला मुलगा, चुलत बहीण.

• सेटिंग वापरा. तुम्हाला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी विभागात ठरवता येते. ग्रुपमधून गाजावाजा न करता बाहेर पडता येते, सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ केले तर त्या व्यक्तीच्या नव्या कमेंट इतरांना दिसत नाहीत आणि तिला तसे कळवलेही जात नाही.

पालकांनी काय करावे?

सर्वात आधी, फोन काढून घेऊ नये. मूल सांगायला आले आणि फोन गेला, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. शिवाय उरलेल्या एक-दोन मैत्रिणींशी जोडणारा धागाही त्याच फोनमध्ये असतो.

दुसरे, पालकांच्या ग्रुपवर जाब विचारू नये. मुलांचे भांडण मोठ्यांचे झाले की मुलांना माघार घेता येत नाही. समोरच्या मुलीच्या आईशी बोलायचेच असेल तर एकटीशी, समोर बसून आणि ‘तुमच्या मुलीने’ या शब्दांनी सुरुवात न करता.

तिसरे, चौकशी करावी, उलटतपासणी करू नये. ‘कोणी काय केलं?’ याआधी ‘आज डबा कोणासोबत खाल्लास?’ हा प्रश्न विचारावा. उत्तरातून बरेच कळते. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणे, एसटी सोडून चालत येणे, आवडत्या खेळाला नकार, झोप बिघडणे, फोन वाजला की दचकणे, या खुणा दिसल्या की थांबून ऐकावे.

चौथे, वर्गाबाहेर एखादी जागा मिळवून द्यावी. कबड्डीचा संघ, वाचनालय, ढोलपथक, मामाच्या वाडीतले नारळ-सुपारीचे काम, आजीकडे दोन दिवस. एका घोळक्याने नाकारलेल्या मुलाला दुसरीकडे कोणीतरी हाक मारून बोलावणे, हे उपदेशाहून अधिक उपयोगी पडते.

पाचवे आणि सर्वात कठीण : आपले मूल वगळणाऱ्यांमध्ये असू शकते, हे मान्य करावे. ‘ग्रुपमध्ये कोण कोण आहे?’ या प्रश्नानंतर ‘कोण नाही? का नाही?’ हेही विचारावे.

मूल ‘जगायचंच नाही’ अशा अर्थाचे काही बोलले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

शाळेने काय करू नये आणि काय करावे?

प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उभे करून माफी मागायला लावणे, ही शाळेची जुनी सवय. तो बहिष्कारावर शाळेचा शिक्का असतो. ‘आता मिठी मारा’ म्हणून पाच मिनिटांत समेट घडवणेही उपयोगाचे नाही. मुले ऑफिसबाहेर आली की नवा ग्रुप उघडतात.

त्याऐवजी दोन्ही बाजूंना वेगवेगळे ऐकावे. जिला लागले तिला काय हवे, हे आधी विचारावे. बाके, प्रकल्पाचे गट, सहलीतल्या जोड्या मुलांवर न सोडता वर्गशिक्षकाने ठरवाव्यात. ‘आपापले गट करा’ या तीन शब्दांत वर्गातले एक मूल दरवेळी उघडे पडते. यात एक रुपयाचाही खर्च नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. पालकसभेत गणवेश आणि सहलीबरोबर हाही प्रश्न विचारला जायला हवा : आपल्या शाळेचा समुपदेशक कोण?

कायदा कुठे लागू होतो?

मैत्री तोडणे, ग्रुपमधून काढणे हा गुन्हा नाही आणि तसा तो असूही नये. २०१६ चा कायदा जात-समुदायाने घातलेल्या बहिष्कारासाठी आहे. पण काही वळणांवर भांडण कायद्याच्या हद्दीत जाते. जातीवरून अपमान, धमकी, पैशांची मागणी, बनावट किंवा खासगी फोटो पसरवणे ही ती वळणे. अल्पवयीन मुलांचे अश्लील फोटो वा व्हिडीओ बनवणे, पाठवणे, साठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली आणि पोक्सोखाली गंभीर गुन्हा आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ हा बचाव चालत नाही. आरोपी अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तक्रार जवळच्या पोलिस ठाण्यात, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा १९३० या क्रमांकावर करता येते.

मग हे थांबते कशाने?

कायद्याने गावकीच्या पंचांना धाक बसतो. पण वाळीत टाकलेल्या घराचे दिवस बदलतात ते कोणीतरी पहिल्यांदा त्या घरी चहाला गेल्यावर. वर्गातही चावी त्या पंधरा-वीस गप्प मुलांच्या हाती असते. त्यांनी भाषण करावे, ग्रुपवर भांडावे, अशी अपेक्षा नाही. ते त्यांना जमणारही नाही. एक खासगी मेसेज पुरतो : ‘उद्या डबा एकत्र खाऊ.’ आलेला स्क्रीनशॉट पुढे न पाठवणे पुरते. एसटीत शेजारी जाऊन बसणे पुरते. ‘त्याच्याशी बोललास तर तूही’ ही धमकी एकाने मोडली की दुसऱ्याला सोपे जाते. चौघांनी मोडली की तिच्यात काही उरत नाही.

हे लिहिणारा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गाच्या ग्रुपमधून एका मुलाला असेच बाहेर काढले गेले. त्याने काय केले होते, हे आज नीट आठवत नाही. काढल्यानंतर ग्रुपवर आलेल्या हसऱ्या इमोजींची रांग आठवते. मी इमोजी टाकली नव्हती आणि त्याला मेसेजही केला नव्हता. तेव्हा वाटले, आपण यात नाही. पण मी होतो. पुढची दोन वर्षे तो प्रयोगशाळेत एकटा प्रॅक्टिकल करत असे आणि माझे टेबल त्याच्या मागेच होते.

भोवाळ्याची यात्रा दरवर्षी भरते. पुढच्या मार्गशीर्षात पायऱ्यांवर पुन्हा फोटो निघतील. घरी आलेल्या मुलाने तो कौतुकाने दाखवला, तर फोटो छान आहे असे जरूर म्हणावे. आणि मग विचारावे, यात कोण राहिले?